अळणी नवस घेऊन कल्याणास

"धरा तिला, धरा. पोरीनं देवीचा कौल उचलला," असे म्हणून ठाण्याचा गुरव इतक्या जोरात ओरडत होता की देवळावरचे कावळे उडाले ते थेट वसईच्या किल्ल्यावर जाऊन बसले. मी खांबाआड होतो. माझी बायको देवीपुढे हात जोडून, डोळे मिटून बसली होती, ती तशीच बसून राहिली. आमची चिमी, वय वर्षे सात, गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून आत गेली होती आणि खाली पडलेली तगरीची कळी देवीच्या उजव्या खांद्यावर, जिथे होती नेमकी तिथे, परत चिकटवत होती. कळी चिकटली. चिमीने मान तिरपी करून दोन्ही खांदे पाहिले. दोन्हींवर एकेक कळी होती. मग ती शांतपणे बाहेर येऊन आईच्या शेजारी बसली, जसे काही देवीचे घरकाम तिच्याकडेच होते.

माझ्या मूळ गावच्या, जुन्नरच्या मंडळींना ही घाटाखालची रीत सांगायला हवी. देवीला काही विचारायचे तर तिच्या दोन खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणे म्हणतात. आमचा प्रश्न एवढाच होता की माझ्या बायकोने पुन्हा मीठ खाल्ले तर चालेल का.

दोन वर्षांपूर्वी तिने नवस बोलला होता की चिमी 'आई' म्हणेपर्यंत मीठ तोंडात घालणार नाही. चिमी ऐकते. हिंगाच्या डबीचे झाकण तीन खोल्यांपलीकडे उघडले तरी तिला कळते. पण बोलत नाही. 'आई' नाही, 'बाबा' नाही, 'पाणी' नाही. दोन वर्षे आमच्या घरात एक ताट अळणी शिजते आहे. या फाल्गुनात बायकोला पाणवठ्यावर तीनदा घेरी आली. तिसऱ्या वेळी हंडा तिच्या आधी घरी आला आणि तिला चौघींनी आणली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि मला ओसरीवर नेऊन म्हणाले, "मीठ द्या. चौथ्या वेळी मला बोलावू नका." वैद्यबुवा विनोदी गृहस्थ आहेत, पण ते त्या दिवशी हसले नाहीत.

बायको म्हणाली, "देवीनं सोडवलं तर खाईन. वैद्यानं सांगून नाही."

तेव्हा मी जे केले ते आता सांगून टाकतो. आदल्या दिवशी मी गुरवाला भेटलो, पाव शेर साखर दिली आणि सुचवले की उजव्या कळीला नुसते पाणी आणि डाव्या कळीला भाताची खळ लावली तर देवीचेही काम हलके होईल. गुरव समजूतदार निघाला. उजवी कळी ठरल्याप्रमाणे पडली. देवीने हो म्हटले. आणि माझ्याच मुलीने ते 'हो' उचलून परत देवीच्या खांद्यावर ठेवले, कारण तिला कुठलीही वस्तू जागेवरून हललेली खपत नाही. घरात वाटी इंचभर सरकली तर ती परत सरकवते. एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्याची पगडी वाकडी होती म्हणून त्याला तीन तास तिच्यापासून लपून बसावे लागले.

गुरवाने मला बाजूला घेऊन सांगितले, "रावसाहेब, आता इथं देवी बोलायची नाही. नवस जिथं बोललात तिथं जा." साखरेचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

नवस बोलला होता कल्याणला, सासुरवाडीच्या गावदेवीपुढे. म्हणून ही यात्रा.

निघण्यापूर्वी माझ्या स्वतःच्या भक्तीविषयीही सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील हा मनुष्य नुसता साखर वाटत फिरतो. बायकोने मीठ सोडले त्याच दिवशी, त्याच देवीपुढे, मीही कारले सोडले. मोठ्या आवाजात सोडले. देवीने, सासूबाईंनी आणि निम्म्या कल्याणाने ऐकले. कारले मला लहानपणापासून आवडत नाही ही गोष्ट तिथे कोणी विचारली नाही आणि विचारल्याशिवाय बोलणे मला शोभत नाही. सासूबाईंचे मत निराळे आहे. त्या म्हणतात, एका घरात बोलण्याचा जेवढा वाटा येतो तेवढा जावईबापूंनी एकट्याने संपवला, पोरीला उरले काय?

आगगाडीने जायचे ठरवले होते. स्टेशनावर इंजिनाने शिट्टी दिली आणि चिमीने कानांवर हात ठेवून किंकाळी फोडली. तिची किंकाळी शिट्टीपेक्षा सवाई होती. गार्डाला वाटले दुसरी गाडी येते आहे, त्याने निशाण गुंडाळले. ड्रायव्हरला वाटले निशाण मिळाले, त्याने गाडी सोडली. सामानासकट फलाटावर राहिलेल्या अकरा माणसांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी इथे लिहीत नाही. लोक म्हणाले, "बाहेरचं आहे." एकाने लिंबू सुचवले, एकाने फकीर, आणि एका सभ्य गृहस्थाने छडी. बायकोने चिमीला आपल्या पदरात पूर्ण गुंडाळले, डोक्यापासून पायापर्यंत, आणि दाबून धरले. तसे दाबले की ती शांत होते. ही युक्ती ना वैद्याने सांगितली ना देवर्षीने. तिची तिनेच शोधली आहे.

म्हणून होडी. ठाण्याच्या बंदरातून भरतीबरोबर निघालो. जुन्नरच्या माणसाला खाडी म्हणजे काय हे सांगणे कठीण आहे. नदीला वाटते आपण समुद्र, समुद्राला वाटते आपण नदी, आणि दिवसातून दोनदा दोघे एकमेकांना चुकीचे ठरवतात. कळवे मागे पडले. उजव्या हाताला मुंब्र्याचा डोंगर आला. त्याच्या पोटातून आगगाडी जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. डोंगराला याचे काही वाटते असे दिसले नाही. काठावर बगळे ओळीने उभे होते. चिमी होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) बसून ते पाहत होती, आणि एक बगळा मधूनच उडाला तेव्हा तिने अशी अस्वस्थ मान वळवली की मला वाटले आता ती त्याला परत आणून ठेवते.

दिव्याच्या पुढे डोंबिवलीच्या अंगाला मी तांडेलाला (होडी हाकणाऱ्याला) एक गोष्ट सांगत होतो. जुन्नरात मी वाघाला नुसत्या बोलण्याने कसा जांभया आणून झोपवला ती. गोष्ट रंगली आणि तांडेलाने वल्हे सोडून हात जोडले. तेवढ्यात होडी चिखलात रुतली.

"पानी गेला," तांडेल म्हणाला. "तुमच्या वाघानं भरती खाल्ली, शेट. आता सांजच्याला पानी येल तवा."

सांजेपर्यंत चिखलात बसणे शक्य नव्हते. आम्ही गुडघाभर गाळातून बांधावर चढलो. माझा एक जोडा अजून तिथे आहे; शेदोनशे वर्षांनी कोणाला सापडला तर तो उजव्या पायाचा आहे, एवढे लक्षात ठेवावे.

बांधापलीकडे आगर होते. आगर म्हणजे मिठाची शेते: चौकोनी वाफे, त्यांत खाडीचे पाणी घ्यायचे आणि ऊन पिकेल तसे मीठ पिकवायचे. चैत्राचे ऊन वरून आणि मिठाचे ऊन खालून. मी दोन्हीकडून भाजलो. एका माडाच्या झावळीच्या खोपटात एक आगरी म्हातारी बसली होती. सगळे तिला बामीबाय म्हणत. तिने आम्हाला पाहिले, माझ्या एका जोड्याकडे पाहिले, आणि काही न विचारता पेजेच्या वाट्या भरल्या.

"पी गो बाय. तोंड सुकलाय तुजा."

बायको म्हणाली, "मला मीठ चालत नाही."

म्हातारी हातातली पळी तशीच धरून तिच्याकडे पाहत राहिली. "आगरान येऊन मीठ नाय? काय झाला?"

बायकोने सांगितले. तिला अनोळखी माणसाशी चार शब्द बोलायचे तर मला दोन दिवस आधी समजूत घालावी लागते, पण या म्हातारीला तिने पहिल्यापासून सगळे सांगितले. मी मधे मधे दोनदा भर घालायला तोंड उघडले, दोघींनी मला पेज वाढली.

ऐकून झाल्यावर बामीबायने बाहेर बोट केले. उन्हात एक दांडगा माणूस लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढून ढीग लावत होता. एकसारखे ढीग, सुतात धरल्यासारखे.

"यो माजा गोम्या. तीस वर्सांचा झाला. मना अजून आये नाय बोलला."

बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. मग तिने विचारले, "तुम्ही काय सोडलंत?"

"सोडाला काय व्हता? पेज न मीठ. पेज सोडली तं मरीन, मीठ सोडला तं पेज उतरत नाय." म्हातारी हसली. तिला समोरचे दोनच दात होते, तेही एकमेकांशी बोलत नव्हते. "मी देवीला सांगला, यो हाय तसा हाय. थोरा तू बघ, थोरा मी बघतंय."

"मग देवी बघते?"

"कदी ती बघतं, कदी मीच."

एवढ्यात माझ्या ध्यानात आले की चिमी खोपटात नाही. ती आगराच्या बांधावर होती. गोम्या ढीग लावत होता आणि प्रत्येक मोठ्या ढिगाच्या पायाशी चिमी ओंजळीने एक छोटा ढीग लावत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता, ती त्याच्याकडे बघत नव्हती. दोघे असे चालले होते जसे दोघांना एकाच मुकादमाने कामाला लावले आहे. एका ढिगाचा माथा वाकडा झाला. दोघे एकदमच वाकले. ढीग नीट झाला. मी आयुष्यात पुष्कळ मेजवान्या पाहिल्या आहेत, त्यांतल्या अर्ध्या तर मी हजर नसताना पाहिल्या, पण दोन माणसे इतकी आनंदात असलेली क्वचित पाहिली.

निघताना गोम्याने मिठाचे मोठे मोठे खडे तिच्या तळहातावर ठेवले आणि तिची बोटे एकेक करून मिटली. चिमी हाताला हात लावू देत नाही. वेणी घालायची म्हणजे आमच्या घरी लढाई. तिने बोटे मिटू दिली. बायकोने ते पाहिले आणि पदर तोंडाशी नेला.

सांजेची वाट न पाहता आम्ही एका बैलगाडीने कल्याणची वाट धरली, आणि तिथे संकट उभे होते. संकटाच्या अंगावर खाकी होते, हातात काठी होती आणि ते मिठाच्या नाक्यावर बसून विडी ओढत होते. तुम्ही घाटावरचे लोक मीठ वाण्याकडून घेता, तुम्हाला ठाऊक नसेल. समुद्र देवाचा, ऊन देवाचे, पण मीठ सरकारचे. आगरातून बिनपरवान्याचे चिमूटभर जरी नेले तरी तो गुन्हा. आणि मी स्वतः ठाण्याच्या कचेरीतला कारकून. उद्या माझ्याच हाताने माझ्याविरुद्धचा कागद लिहायची पाळी.

शिपायाने गाडी तपासली. वळकटी तपासली. माझा उरलेला जोडासुद्धा उलटा करून झटकला. मग त्याचे लक्ष चिमीच्या मुठीकडे गेले.

"मुठीत काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग उघड की गं."

चिमी त्याच्या काठीच्या टोकाकडे पाहत होती. ते टोक चिरलेले होते. शिपाई मुठीकडे हात नेऊ लागला. त्याने हात लावला असता तर जी किंकाळी झाली असती तिच्याने नाक्याचे छप्पर मुरबाडला सापडले असते. माझ्या जिभेने माझी परवानगी न घेता काम सुरू केले.

"हवालदारसाहेब, लावा हात, माझी ना नाही. पण आधी ऐका. ही मूठ देवीनं मिटलेली आहे. जो उघडायला जाईल त्याची वाचा जाईल. हिनं एकदा स्वतःच उघडून पाहिली, त्या दिवसापासून शब्द नाही."

शिपायाने हात थांबवला. "काय गं, नाव काय तुझं?"

चिमी काठीकडेच पाहत होती.

"गाव कुठलं?"

नाही.

शिपाई तीन पावले मागे सरला. त्याने विडी विझवली, हात जोडले, मग जरा विचार करून माझ्या कानाशी आला. "थोडं थांबता का? आमच्या जमादाराला बोलावतो. मूठ उघडायला."

त्याला वाईट वाटले असेल, पण आम्ही थांबलो नाही.

गाडी पुढे गेल्यावर मी स्वतःवर इतका खूश होतो की गाडीवाल्याला तीच हकीकत पुन्हा सांगू लागलो. त्यात आता शिपाई दोन होते. बायको मागे बसली होती. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "तिची वाचा कुणी नेलेली नाही."

"अगं, वेळ निभावली."

"निभावली. पण ती सगळं ऐकते. तिच्यासमोर तिला शाप लागलाय म्हणू नका."

मग कल्याण येईपर्यंत मी बोललो नाही. दोन कोसांचा रस्ता. गाडीवानाने दोनदा मागे वळून मी जिवंत आहे का ते पाहिले.

सासूबाई दारातच होत्या. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, मनगट दोन बोटांत मोजले आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, कारल्याविना तुमची तब्येत चांगली सुधारलेली दिसते." मी नमस्कार केला. चिमीने त्या रात्री मिठाचे खडे उशाशी ओळीने मांडले आणि सकाळी पुन्हा मुठीत घेतले.

सकाळी खाडीकाठच्या गावदेवीला गेलो. इथे गुरव नाही, गुरवीण आहे. नव्वदीची, डोळ्यांना दिसत नाही असे लोक म्हणतात. मी हळूच साखरेची पुडी पुढे केली आणि खळीचा विषय काढला. तिने पुडी घेतली, देवीच्या पायाशी ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, "देवीला पोचली. देवी म्हणते गोड आहे. आता बाजूला हो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. बायकोने पाहिले नाही.

कळ्या लागल्या. गुरविणीने गाऱ्हाणे घातले: "बाय माझे, तुझी लेक दोन वर्षं अळणी खाते. तिला मोकळी करतेस काय? करत असशील तर उजवी दे."

देऊळ इतके शांत झाले की खाडीत एक मासा कूस बदलला तोही ऐकू आला. मी मनात सगळ्या देवांना एकदम हाक मारली. ठाण्याच्या, जुन्नरच्या, मुंब्र्याच्या डोंगरावरच्या. ज्यांना मी नारळ बोलून दिले नव्हते त्यांनाही. मला तेव्हा नारळ दिसत नव्हते. मला पाणवठा दिसत होता आणि घरंगळत आलेला हंडा.

डावी कळी पडली.

बायकोने हात जोडून डोके टेकले. तेवढ्यात चिमी उठली, उंबरा ओलांडून आत गेली, पडलेली कळी उचलली आणि देवीच्या डाव्या खांद्यावर होती तिथे ठेवली. मी डोळे मिटून आरडाओरडीची वाट पाहिली.

"ठेवू दे," गुरवीण म्हणाली. "देवीलाही एक खांदा रिकामा बरा वाटत नाही."

"मग कौल?" मी आशेने विचारले.

"कौल झाला. नाही म्हणाली."

देवळामागे आंब्याखाली जेवण होते. सासूबाईंनी घरून सगळे करून आणले होते: भात, वरण, आंब्याची डाळ, पन्हे, आणि माझ्यावरच्या प्रेमाने कारल्याची भाजी. घरी बायका पुरुषांच्या मागून जेवतात आणि माझी बायको तर सगळ्यांच्या मागून, चिमी निजल्यावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. पण झाडाखालच्या जेवणाला एवढा कायदा नसतो. सगळ्यांची पाने एकाच ओळीत मांडली. सासूबाई, बायको, मी. चिमी पाण्याच्या तांब्याशी उभी होती. तिने आपल्या आईचे पान कधी पाहिलेच नव्हते हे आधी कधी माझ्या मनात आले नव्हते.

आता पुढचे जे आहे त्यात मी काही वाढवलेले नाही. माझ्या हातून हे लिहिणे कठीण जात आहे, कारण वाढवायला इतकी जागा आहे.

पानात पहिले मीठ वाढतात हे तुम्हाला सांगायला नको. चिमी ओळीने पाने बघत गेली. सासूबाईंच्या पानावर वर मीठ होते. बायकोच्या पानावर मिठाची जागा रिकामी होती. चिमी थांबली. तिने ते रिकामे पान पाहिले, पुन्हा सासूबाईंचे पाहिले. मग मूठ उघडली. कालपासून जी मूठ शिपायाला, सासूबाईंना, मला, कोणाला उघडता आली नव्हती ती उघडली आणि मिठाचा एक खडा आईच्या पानावर ठेवला. नीट, वर, जिथे असतो तिथे. मग आईकडे पाहिले नाही, पानाकडेच पाहत उभी राहिली.

बायको त्या खड्याकडे पाहत होती. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि ही कल्याणच्या इतिहासातली नोंदण्यासारखी गोष्ट आहे. बायकोने खडा बोटाने चुरला, भातात कालवला आणि घास घेतला. चावला. गिळला. डोळे मिटून थोडा वेळ बसली.

"खारट आहे," ती म्हणाली. आणि दुसरा घास घेतला.

चिमी पुढे माझ्या पानाशी आली. माझ्या पानावर मीठ होते, पण उजव्या बाजूला भाजीची जागा रिकामी होती, कारण देवभक्त मनुष्य. तिने सासूबाईंच्या पानावरून कारल्याच्या तीन काचऱ्या उचलल्या (सासूबाईंचे जेवण अजून सुरू व्हायचे होते, उष्टे झाले नाही, कोणी काळजी करू नये) आणि माझ्या पानावर ठेवल्या. तिन्ही एका ओळीत. सगळी पाने सारखी झाली. ती जाऊन आपल्या जागी बसली.

मी म्हणालो, "मी नवसात आहे." सगळे बायकोकडे पाहत होते, म्हणून मी काचऱ्या अलगद पानाच्या देठाखाली सरकवल्या आणि पान मुडपले. कोणाला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर होडीने परत निघालो. तांडेल तोच होता. मला पाहून त्याने वल्हे घट्ट धरले. डोंबिवलीच्या अंगाला आगर दिसले. पांढरे ढीग, आणि प्रत्येकाच्या पायाशी एक छोटा ढीग, कोणी मोडलेला नव्हता. चिमीने ते मोजल्यासारखे एकेक पाहिले. गोम्या होता की नाही ते लांबून कळले नाही. बायको पदराने तिच्यावर सावली धरून बसली होती. तिच्या ओठांना एका दिवसात रंग आला होता, किंवा मला तसे वाटत होते. माझ्या डोळ्यांनाही माझ्या जिभेची सवय लागलेली आहे.

मुंब्र्याच्या डोंगराखाली आलो तेव्हा मी विचार करत होतो. दोन वर्षे आम्ही दोघे देवाला काही ना काही देत होतो, तिने तिच्या जिभेचे दिले, मी मला नको होते ते दिले, आणि देव काय देतो याची वाट पाहत होतो. चिमी अजून बोललेली नाही. 'आई' हा शब्द तिने उच्चारला नाही, हे मी जुन्नरच्या मंडळींना स्वच्छ सांगतो, कारण तिकडे पोचेपर्यंत ही हकीकत कोणीतरी, बहुधा मीच, अशी सांगेल की तिने देवळात उभे राहून आरती म्हटली. तसे काही झाले नाही. एक खडा मीठ, तेवढेच.

पण एक गोष्ट मनातून जाईना. शेवटी मी विचारले, "अगं, देवी तर नाही म्हणाली होती. ठाण्याला हो म्हणाली होती, तेव्हा तू..."

"ठाण्याच्या गुरवाला तुम्ही दिलेली साखर माझ्याच डब्यातली होती," ती म्हणाली. "पाव शेर कमी भरली, तेव्हाच कळलं."

मी खाडीकडे पाहिले. खाडीने मला काही मदत केली नाही.

"बरं. पण कल्याणला तर साखर चालली नाही. तिथं खरोखरच नाही म्हणाली. मग तू मीठ कसं खाल्लंस?"

तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. केळीच्या पानाच्या तुकड्यात कारल्याच्या तीन काचऱ्या होत्या, कालच्या, वाळलेल्या, एका ओळीत. चिमी वळून पाहू लागली. बायकोने पान माझ्या मांडीवर ठेवले.

"पानात वाढलेलं टाकायचं नसतं," ती म्हणाली.